सौंदत्तीला निघण्याआधी सुट्टे जमवा

यल्लम्माच्या दर्शनाला जायची गाडी ठरली, खोली मिळाली, आईच्या गोळ्या पिशवीत पडल्या, की लगेच बक्षिसीसाठी सुट्ट्या पैशांच्या मागे लागावं. निदान चार दिवस आधी. आदल्या रात्री आठवण झाली तर बेळगावात फिरून फिरून पाय दुखतात आणि हातात पाचशेच राहते. एटीएममध्ये शंभर किंवा दोनशेच्या नोटा ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय. म्हणून एकदम दोन हजार न काढता चारशे-चारशे करून काढावेत, थोडं सुट्टं हाती येतं. पण दहा-वीसच्या नोटांसाठी बँकेच्या काउंटरवरच जावं लागतं. दहाच्या शंभर नोटांचं बंडल हजार रुपयांचं, ते शेजारच्या घराशी वाटून घ्यावं. बाजारात मागायचे तर ओळखीच्या किराणावाल्याकडे संध्याकाळी मागावेत. सकाळी भवानी व्हायच्या आधी मागू नयेत. तो देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. वाटेत बैलहोंगलच्या पुढं तर चहाच्या टपरीवरही "चिल्लर इल्रि", सुट्टे नाहीत, हेच ऐकायला मिळतं.

मोबाईल आहे की, असं घरातली पोरं म्हणतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी सौंदत्तीला एका लॉजच्या जिन्यात आईचा गुडघा धरला. जिना पुसणाऱ्या अक्कांनी बादली बाजूला सरकवली, ओला हात पदराला पुसला आणि आईला दंडाला धरून एकेक पायरी करत दोन मजले वर आणलं. माझ्याजवळ पाचशेच्याच नोटा. खाली येऊन काउंटरवरच्या क्यूआरवर पन्नास रुपये टाकले आणि तिथल्या पोराला म्हटलं, हे त्या अक्कांना द्या. दुसऱ्या दिवशी निघताना अक्कांना विचारलं, तर त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तो क्यूआर मालकाचा. ज्यानं काम केलं त्याच्याच हातात पडायला हवेत, तर रोखच लागते.

सौंदत्ती आणि परतताना गोकाकचा धबधबा, असे दोन दिवस आणि घरची चार-पाच माणसं धरली, तर मी दहाच्या वीस, वीसच्या पंधरा, पन्नासच्या सहा आणि शंभरच्या चार नोटा घेते. बाराशे रुपये होतात. हे पैसे जेवणखाणाच्या पैशांत मिसळायचे नाहीत. मिसळले की पहिल्याच हॉटेलात संपतात. मी ते आईच्या जुन्या बटव्यात ठेवते आणि रोज सकाळी त्यातले थोडे कमरेच्या पिशवीत काढून घेते. मार्गशीर्ष ते माघ या पौर्णिमांना डोंगरावर इतकी गर्दी असते की सगळा बटवा उघडून नोट शोधत उभं राहणं बरं नव्हे.

जोगवा मात्र वेगळा. जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेली जोगतीण पुढं आली की तिच्या परडीत पडतं ते यल्लम्माच्या नावानं. ती बक्षिसी नव्हे. त्यासाठी घरूनच पसाभर तांदूळ-ज्वारी आणि नाणी वेगळ्या पुरचुंडीत बांधून घ्यावीत. दहाचं नाणं चालतं, कायद्यानं ते कुणाला नाकारता येत नाही. तरी आपल्याकडे काही दुकानदार ते घेताना कुरकुरतात, म्हणून लॉजवरच्या माणसाला मी नोटच देते.

ड्रायव्हरचं निघायच्या आधी स्पष्ट करून घ्यावं. गाडीमालकाला विचारावं, बाटा, म्हणजे ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, भाड्यात धरलाय की वेगळा? बाटा हा त्याचा हक्क आहे, तो दिला म्हणजे बक्षिसी दिली असं नाही. जेवायला थांबलो की त्याला आपल्याबरोबर बोलवावं, आणि आपल्या पंगतीत त्याला अवघडल्यासारखं वाटत असेल तर त्याच्या जेवणाचे पैसे आधीच हातात द्यावेत.

हॉटेलात बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल आलं की ते वाचावं. सर्व्हिस चार्ज हॉटेलला आपणहून लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसा नियम केला आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो कायम ठेवला. लावला असेल तर काढायला सांगावा आणि वाढणाऱ्याला वीस-तीस रुपये हातात द्यावेत.

सगळ्यात जास्त विसर पडतो तो संडास धुणाऱ्याचा. तो दिसत नाही, आपण उठायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. खोली सोडताना वेटर दारात उभा असतो, त्याला मिळतं. याला शोधून द्यावं लागतं. निघायच्या आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावं, सकाळी कोण येतं, किती वाजता. वेटरपेक्षा त्याला जास्त द्यावं असं माझं मत आहे.

फाटकी, चिकटवलेली, शाईनं लिहिलेली नोट बक्षिसीत खपवू नये. ती बँकेत बदलून मिळते, त्यासाठी गरिबाचा हात कशाला? आणि नोट टेबलावर टाकू नये. "अण्णा, चहाला घ्या" असं म्हणून उजव्या हातानं द्यावी. कन्नड येत नसलं तरी अण्णा आणि अक्का तिकडंही तेच आहेत.

शंभरच्या दोन नोटा पाकिटात घालून, वर ड्रायव्हरचं नाव लिहून, आधीच चिकटवून ठेवावं. घर आलं की सामान उतरवण्याच्या घाईत ते राहून जातं, म्हणून पाकीट आईच्या हातात द्यावं. ती पुढं बसलेली असते.