कंपवाताची गोळी घड्याळावर का आणि कशी द्यायची

कंपवात म्हणजे पार्किन्सन झालेल्या माणसाच्या घरी सगळ्यात जास्त चुका गोळीच्या वेळेत होतात. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा बरोबर असते, गोळीही तीच असते. पण ती सकाळी नाश्त्याबरोबर, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री दुधाबरोबर दिली जाते, कारण घरात बीपी-शुगरच्या गोळ्यांची तशीच सवय पडलेली असते. मग आजोबा दोन-दोन तास जागचे हलत नाहीत आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडेना. वेळेचा हा नियम कुठून आला ते समजलं की तो पाळणं जड जात नाही, म्हणून आधी मेंदूत काय होतं ते पाहू.

पेशी का मरते

मध्यमेंदूत काळपट रंगाचा एक लहानसा पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या काही लाख पेशी डोपामाइन बनवतात आणि त्याच्या जोरावर हालचाल सुरू होते, सुरळीत राहते. या पेशींवर कामाचा बोजा मोठा. एकेका पेशीच्या तंतूला इतक्या फांद्या फुटलेल्या असतात की ती लाखो ठिकाणी पुढच्या पेशींना जोडलेली असते. शिवाय ती रात्रंदिवस, कोणी सांगितलं नाही तरी, सेकंदाला दोन-चार विजेचे ठोके देत राहते. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं आणि ते बाहेर काढायला ऊर्जा लागते.

ही ऊर्जा बनते शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. गुऱ्हाळावर चुलवाण पेटलेलं असतं तेव्हा चिपाडं वाळलेली असली तर जाळ चांगला लागतो आणि धूर कमी होतो. ओली चिपाडं घातली की जाळ कमी, धूरच जास्त. तंतुकणिका बिघडली की हेच होतं. ऊर्जा कमी पडते आणि ऑक्सिजनपासून तयार होणारे जहाल कण वाढतात. हे कण पेशीची पटलं, प्रथिनं, डीएनए सगळं भाजून काढतात. त्यात डोपामाइन स्वतःच सहज ऑक्सिडाइज होणारं रसायन, म्हणून याच पेशींत हा त्रास अधिक.

भाजलेलं प्रथिन नीट घडी घेत नाही. अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गाठी बनू लागतात. आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात, चुकीच्या घडीची प्रथिनं साचली की पेशी धोक्याची घंटा वाजवते. पर्क नावाचं एक प्रथिन नवं उत्पादन थोपवून धरतं, म्हणजे आधीचा पसारा आवरायला सवड मिळावी. थोड्या वेळासाठी ही युक्ती पेशीला वाचवते. पण ताण महिनोन्‌महिने चालला तर उत्पादन बंदच राहतं, रोजच्या झिजेची भरपाई होत नाही आणि शेवटी चॉप नावाचा घटक पेशीला नियोजित मृत्यूकडे ढकलतो. दुसरीकडे, बिघडलेल्या तंतुकणिका ओळखून लयकारिकेकडे, म्हणजे पेशीतल्या कचरा जिरवणाऱ्या पिशवीकडे, मोडीत पाठवायचं काम पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिनं करतात. ज्यांच्यात त्यांची जनुकं जन्मतःच सदोष असतात त्यांना हा आजार चाळिशीच्या आत गाठू शकतो. फुटक्या तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन गळलं की कॅस्पेझ ही कात्रीसारखी विकरं जागी होतात आणि पेशी आतून कापली जाते. आसपासच्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, चवताळून दाह वाढवतात, त्याची झळ शेजारच्या पेशीला लागते.

तंतुकणिकेच्या बिघाडाचा ठळक पुरावा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात मिळाला. भेसळीचं बनावट अमली द्रव्य टोचून घेतलेली काही तरुण मंडळी थोड्याच दिवसांत लाकडासारखी ताठरली. त्या भेसळीत एमपीटीपी नावाचं रसायन होतं. मेंदूत गेल्यावर त्यापासून बनणारा पदार्थ तंतुकणिकेतल्या ऊर्जासाखळीची पहिलीच कडी बंद पाडतो.

हात थरथरायला लागेपर्यंत या पेशींपैकी साधारण निम्म्या गेलेल्या असतात. गेलेली पेशी परत येत नाही, आणि हा ऱ्हास थांबवणारं सिद्ध औषध आज हाती नाही. लेव्होडोपाची गोळी उरलेल्या पेशींना डोपामाइनचा कच्चा माल पुरवते. सुरुवातीच्या वर्षांत पेशी पुरेशा असतात, त्या माल साठवून थोडा थोडा सोडतात, म्हणून गोळीला तासभर उशीर झाला तरी चालून जातं. पेशी कमी होत गेल्या की साठवायला जागाच राहत नाही. कार्बिडोपा या जोडीच्या औषधाबरोबर दिलं तरी रक्तातलं लेव्होडोपा दीडेक तासात निम्म्यावर येतं, आणि आता हालचाल त्या रक्तातल्या चढ-उताराबरोबरच चढते-उतरते. सकाळी दहाला चालणारा माणूस साडेअकराला खुर्चीतून उठू शकत नाही, तो हट्ट नसतो. त्याला तेव्हा रागावू नका.

गोळी द्यायची पद्धत

पाकिटावरचा आकडा आधी समजून घ्या. तो दोन औषधांची बेरीज असतो. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. दुकानदार म्हणाला, "१२५ नाही, ११० घेऊन जावा, एकच आहे," तर घेऊ नका. कार्बिडोपाचं काम लेव्होडोपा वाटेतच संपू न देण्याचं आहे, आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा पोटात जावं लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते फक्त ३० होतं. मळमळ वाढते आणि गुण कमी येतो. आकड्यापुढे सीआर लिहिलंय का तेही पाहा. साधी १२५ आणि सीआर १२५ या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. सीआर हळूहळू विरघळते, ती कुटायची किंवा चावायची नाही.

आता वेळ. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारातून जातं, त्याच दारातून प्रथिनं पचून बनणारी अमिनो आम्लंही जातात. पिठलं, उसळ, दही, अंडी, मटण पोटात असलं की दारात गर्दी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी किंवा खाऊन दोन तास झाल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही. डॉक्टरांनी दिवसाला चार गोळ्या सांगितल्या असतील तर घरातलं वेळापत्रक असं बसतं: गोळी ६:३०, नाश्ता ७:३०, गोळी १०:३०, जेवण १२:३०, गोळी २:३०, चहा ४ च्या सुमारास, गोळी ६:३०, रात्रीचं जेवण ८ वाजता. किती गोळ्या, कितीची, हे डॉक्टरच ठरवतील. मोबाइलवर चार गजर लावा आणि शेतावर जायचं असेल किंवा कोल्हापूर-मिरजेला निघायचं असेल तर दोन गोळ्या जास्तीच्या खिशात ठेवा.

रिकाम्या पोटी मळमळलं तर गोळीबरोबर कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा साधं बिस्किट चालतं. प्रथिनं बंद करायची नाहीत, अशा माणसाचं वजन आधीच घटत असतं. सकाळ-दुपार भात, भाकरी, भाजी, रताळी, फळं यांवर भर द्यावा आणि डाळ-उसळ-दही-मटण हा वाटा रात्रीच्या जेवणात घालावा. रात्री थोडं ताठरलं तरी झोपायचंच असतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा, लोह लेव्होडोपाला धरून बसतं.

गोळी संपली म्हणून चार दिवस थांबू नका. अचानक बंद केल्यास ताप, कमालीचा ताठरपणा आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. गावात मिळत नसेल तर निपाणी, खानापूर किंवा बेळगावातून आठवडाभर आधीच आणून ठेवा. खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाबद्दल बरेच जण विचारतात. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणूनच ते गोळीच्या वर आपल्या मनाने द्यायचं नाही. पुडीगणिक प्रमाण बदलतं, मग अंग वेडंवाकडं हलतं किंवा भास होतात, आणि डॉक्टरांना गोळी किती करावी ते कळत नाही.

या गोळ्यांपासून दूर

या भागाकडे कृपा करून लक्ष द्या, इथे नुकसान नकळत होतं. पोट फुगतं, आंबट ढेकर येतात म्हणून आम्लपित्ताच्या कॅप्सूल घेतल्या जातात. त्यातल्या काहींत पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते मेंदूतल्या डोपामाइनची वाट अडवतं. उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठीची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, रात्री भ्रमात आरडाओरडा केला म्हणून दिली जाणारी हॅलोपेरिडॉल, ही सगळी याच माळेतली. निरोगी माणसालाही त्यांनी कंपवातासारखी लक्षणं येतात, तर ज्याच्या पेशी आधीच कमी आहेत त्याचं काय होणार! पाकिटाच्या पाठीवरची बारीक अक्षरं दुकानातच वाचून घ्या. ही औषधं आधीपासून चालू असतील तर मात्र स्वतः बंद न करता डॉक्टरांना पाकीट दाखवा.

चालताना पाय चिकटले तर

उंबऱ्यावर, दाराच्या चौकटीत, अरुंद बोळात पाय जमिनीला चिकटतात. हाताला धरून ओढू नका. वरचं शरीर पुढे येतं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबा, दोन्ही पायांवर भार घ्यायला सांगा, एका पायावरून दुसऱ्यावर डोलायला लावा, मग "एक, दोन" म्हणत मोठं पाऊल टाकायला सांगा. न्हाणीघराच्या वाटेवर फरशीवर पाऊलभर अंतराने, साधारण दीड फुटावर, रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. रेघ ओलांडायची म्हटलं की तोच पाय उचलतो, कारण नजरेच्या आधाराने केलेली हालचाल मेंदू वेगळ्या वाटेने घडवतो.

उठताना चक्कर येत असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

फवारणी करणाऱ्या घरांसाठी

तण जाळायला वापरतात ते पॅराक्वाट पेशीत जहाल ऑक्सिजन-कण तयार करतं. आयुष्यभर फवारणी करणाऱ्यांत कंपवात अधिक आढळतो असं अनेक पाहण्यांत दिसलंय. एखाद्या माणसाला त्यामुळेच झाला असं सांगता येत नाही, पण सावध राहायला एवढं पुरे. औषध मिसळताना कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा वापरा, वारा पाठीवर घेऊन फवारा, गळका पंप पाठीला लावू नका, कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. पॅराक्वाट कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. एखादा घोट पोटात गेला तरी त्याला उतारा नाही.

दवाखान्यात दाखवताना

बेळगावकडच्या कन्नड बोलणाऱ्या डॉक्टर-नर्ससमोर नुसतं "कै नडुगुत्तदे" म्हणजे हात थरथरतो एवढंच सांगू नका. काही जणांना थरथर नसतेच. "नडिगे निधान आगिदे", चालणं मंदावलंय, हेही सांगा. विडी वळताना बोटं चालतात तशी अंगठा आणि तर्जनी हात मांडीवर ठेवलेला असतानाही हलतात का, एका बाजूने सुरुवात झाली का, फोडणीचा वास येईनासा किती वर्षांपूर्वी झाला, बद्धकोष्ठ आणि झोपेत हातपाय झाडणं कधीपासून, हे लिहून न्या. गावाचं नाव एकाखाली एक दहा वेळा लिहायला लावलेला कागदही न्या. अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलेलं दिसलं तर डॉक्टरांना निदानाला मदत होते.

दुसऱ्या कुठल्या कारणाने, समजा मांडीचं हाड मोडून, भरती करावं लागलं तर वॉर्डातल्या गोळ्या फेरीच्या वेळेला वाटतात. उशाशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: गोळीचं पूर्ण नाव, चारही वेळा, आणि त्याखाली "ऊटद मुंचे", म्हणजे जेवणाआधी. टाळायच्या औषधांची यादी त्याच कागदाच्या मागे लिहा. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणार असतील तर ही गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा.