घरचा संगणक: वेग आणि सुरक्षितता यांसाठी करायची आवराआवर

घरातला संगणक मंद झाला की बहुतेक जण त्याचा वेग वाढवून देणारा एखादा प्रोग्रॅम शोधू लागतात, म्हणजे जे आधीच जास्त झाले आहे त्यात आणखी भर घालतात. संगणक रेंगाळतो तो त्यावर नको तितक्या गोष्टी एकाच वेळी चालू असल्यामुळे आणि असुरक्षित होतो तोही बव्हंशी त्याच कारणाने, कारण प्रत्येक अनावश्यक प्रोग्रॅम मेमरी खातो आणि बाहेरच्यांना आत शिरायला एक वाटही ठेवतो. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्यात मिळवण्यापेक्षा काढून टाकण्याचे काम अधिक आहे. बहुतेक घरांत विंडोज असते म्हणून उदाहरणे विंडोजचीच घेतली आहेत.

सुरुवात टास्क मॅनेजरपासून करावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो, आणि त्यातल्या ‘स्टार्टअप’ या भागात संगणक सुरू होताच आपसूक चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी दिसते. गप्पांचे, गाण्यांचे, खेळांचे आणि कधीकाळी घेतलेल्या प्रिंटरचे प्रोग्रॅम तिथे रांगेने बसलेले आढळतात. ज्याची रोज गरज नाही त्यावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपण उघडल्याशिवाय तो सुरू होत नाही. सुरक्षेशी, आवाजाशी किंवा टचपॅडशी संबंधित नावे मात्र तशीच राहू द्यावीत. त्यानंतर सेटिंग्जमधील प्रोग्रॅमांची यादी तारखेनुसार लावून वर्षभरात एकदाही न उघडलेले प्रोग्रॅम काढून टाकावेत.

ब्राउझरकडे मात्र कोणी वळून पाहत नाही, आणि खरी अडगळ तिथेच साचते. त्यात जोडलेल्या अनेक एक्स्टेन्शनांना, म्हणजे छोट्या पूरक प्रोग्रॅमांना, आपण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी दिलेली असते, ज्यात बँकेचे पानही आले. आज प्रामाणिक असलेले एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याला विकले जाऊ शकते आणि नवा मालक पुढच्या अद्यतनात हवे ते घुसवू शकतो. त्यामुळे दोन-तीन खरोखर वापरात असलेली ठेवून बाकीची काढणे हेच शहाणपणाचे. संकेतस्थळांना दिलेल्या सूचनांच्या परवानग्याही तपासाव्यात. माझ्या काकांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ असे झळकत असे. तपासणी केली तर व्हायरस एकही नव्हता, कुठल्याशा संकेतस्थळाने विचारल्यावर त्यांनी घाईत ‘अलाऊ’ दाबले होते, इतकेच. ती परवानगी काढताच इशारे थांबले. अशा इशाऱ्यात दिलेल्या क्रमांकावर कधीही फोन करू नये आणि फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपला पडदा त्याच्या ताब्यात देणारे ॲप तर मुळीच उतरवू नये.

अद्यतनांचा अनेकांना कंटाळा येतो, पण त्यांचे मोल 2017 मध्ये जगाने पाहिले. विंडोजमधील एका त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्येच दिला होता; 12 मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम नेमक्या त्याच त्रुटीतून पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांसह जगभरचे लाखो संगणक त्याने कुलूपबंद केले. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत अद्यतन केले होते त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा मर्यादित मुदतीच्या वाढीव योजनेत नोंद केलेली नसेल तर असा संगणक चालत राहतो खरा, पण त्यात नव्याने सापडणारी भोके बुजवली जात नाहीत.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे आणि ‘रीस्टार्ट’ करणे हे विंडोजमध्ये सारखे नाही. लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्याकडेही गाभ्यातला जुना गोंधळ तसाच राहू शकतो. आठवड्यातून एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. विनाकारण अडखळणारे बरेच संगणक एवढ्यानेच वळणावर येतात.

विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. त्याच्या जोडीला दुसरा अँटिव्हायरस बसवून दोघांनाही पहारा द्यायला लावले तर ते एकमेकांच्या पायात येतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रॅमांच्या वाटेला जाऊच नये: लाभ जाणवत नाही आणि चुकीची नोंद पुसली गेली तर प्रणाली उघडेनाशी होऊ शकते.

रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेले साधे खाते वापरावे, म्हणजे काही नवे बसू पाहत असेल तर संगणक पासवर्ड मागतो आणि आपल्याला क्षणभर थांबून विचार करता येतो. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फायलींच्या नावांची शेपटेही दिसू द्यावीत. ती लपलेली असताना ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘पावती.पीडीएफ’ अशी साळसूद दिसते. वस्तुतः ती कागद नसून चालू होणारा प्रोग्रॅम असतो. पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब असावा, तो लक्षात ठेवायचे काम पासवर्ड मॅनेजरवर सोपवावे, आणि पासवर्डसोबत दुसरा पुरावाही मागणारी दुहेरी पडताळणी सर्वांत आधी ईमेलला लावावी, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येतात.

बॅकअपचा रूढ नियम असा की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. बाहेरची हार्ड डिस्क काम झाले की काढून ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो. क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरला बॅकअप समजू नये, कारण इथे पुसलेली फाइल तिथूनही नाहीशी होते. अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून उघडून पाहावी. नव्या संगणकांत डिस्क बहुधा आपोआप सांकेतिक होते, म्हणजे किल्लीशिवाय तिच्यावरचे वाचता येत नाही, म्हणून तिची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

एवढे करूनही संगणक मंदच राहिला तर यंत्राकडे पाहावे. हवा खेळवणाऱ्या जाळ्यांत धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. संगणक बंद करून, पंखा बोटाने अडवून हवेने धूळ उडवावी. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवण्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. त्या फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर मात्र साफसफाई आणि अद्यतने बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात, आणि डिस्क दिसतच नसेल तर पुन्हापुन्हा चालू करून न पाहता संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा.