डिस्चार्जनंतरचे घर : अपघातग्रस्त कुटुंबाला मनाने सावरायला मदत कशी करावी

गंभीर अपघाताची बातमी पसरली की अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर जागा उरत नाही. चुलत-मावस भावंडे, कार्यालयातले सहकारी, सोसायटीतले लोक असे सगळे येतात, शहाळी आणतात, डॉक्टर काय म्हणाले ते विचारतात आणि निघताना ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणतात. दोन-अडीच महिन्यांनी रुग्ण घरी आलेला असतो, पत्नीची शिल्लक रजा संपलेली असते आणि फिजिओथेरपीच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. त्या घराला माणसांची खरी गरज तेव्हा भासते आणि नेमके तेव्हाच कोणी फिरकत नाही. म्हणून मदत करू इच्छिणाऱ्याने आपला सगळा वेळ पहिल्या आठवड्यात खर्चून टाकू नये, तो पुरवून पुरवून द्यावा.

‘काही लागले तर सांगा’ या वाक्याने सांगण्याचा भार पुन्हा त्याच थकलेल्या माणसावर पडतो. त्याऐवजी ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी थांबतो, तुम्ही घरी जाऊन झोपा’ असे दिवस-वेळेसह सांगावे. प्रकृतीची विचारपूस करणारे फोन घेण्याचे काम एका नातेवाइकाकडे सोपवावे आणि त्यानेच रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांना एकच निरोप पाठवावा. दिवसातून तीस वेळा तीच हकिकत सांगणे ही आईच्या किंवा पत्नीच्या दृष्टीने शिक्षाच असते.

पहिल्या काही दिवसांत अपघाताचे वर्णन कोणाकडूनही वदवून घेऊ नये. ‘बोलून मोकळे व्हा’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. पण अशा घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत वापरू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. माणूस आपणहून बोलू लागला तर मध्ये न तोडता ऐकावे, गप्प राहिला तर शेजारी बसून राहावे. झोप न लागणे, फोन वाजला की छातीत धस्स होणे, रुग्णवाहिकेचा आवाज ऐकून हातपाय गार पडणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे हे सुरुवातीच्या आठवड्यांत अनेकांना होते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते हळूहळू ओसरते. तेवढे सांगितले तरी ‘मला वेड तर लागणार नाही ना’ ही भीती कमी होते. शेजारच्या काकूंच्या डबीतली झोपेची गोळी मात्र कोणी कोणाला देऊ नये.

डोक्याला मार लागलेल्या व्यक्तीला अपघाताचा क्षण आणि नंतरचे कित्येक दिवस अनेकदा आठवतच नाहीत, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. घरच्यांना मात्र पहिल्या फोनपासून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावरील सहीपर्यंत प्रत्येक मिनिट लख्ख आठवत असते. त्यामुळे ‘एवढे काय झाले, मी बरा आहे की’ असे रुग्ण सहज म्हणतो आणि समोरची व्यक्ती कोलमडते. यावर रोजनिशीचा उपाय उपयोगी पडतो. आज ताप उतरला, आज डोळे उघडले, धाकटी भेटून गेली, अशा चार ओळी घरातल्या कोणीतरी तारखेसह लिहून ठेवाव्यात. पुढे रुग्णाला आपल्या हरवलेल्या दिवसांचा माग त्यात सापडतो आणि लिहिणाऱ्याचेही मन थोडे हलके होते.

अपराधीपणाची भावना बहुतेक प्रत्येक घरात डोकावते. ‘गाडी मीच चालवत होतो’, ‘मीच त्याला रात्री निघायला सांगितले’, ‘हेल्मेटसाठी हट्ट धरायला हवा होता’ यांवर ‘तुझा काही दोष नाही’ असे घाईने म्हणून विषय मिटवू नये. आधी पूर्ण ऐकावे, मग त्या वेळी त्या माणसाला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक असणे शक्यच नव्हते, हे त्याच्याबरोबर शांतपणे वेगळे करावे. खरी चूक घडलेली असेल तर ती नाकारूही नये. ती कबूल केल्यावरही आपण त्याच्याकडे येत राहतो, हे त्याला दिसणे महत्त्वाचे.

दुसऱ्या बाजूला, इतरांवर दोष टाकणारे नातेवाईकही असतात. नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणणारे किंवा पत्रिकेतली साडेसाती काढून दाखवणारे तोंड वडीलधाऱ्याने तिथल्या तिथे बंद करावे. येथे भिडस्तपणा कामाचा नाही. ‘जिवावरचे पायावर निभावले’ असे जखमी माणसाने स्वतः म्हटले तर तो त्याचा धीर, पण तेच भेटायला आलेल्याने म्हटले तर पाय गमावलेल्याला ते लागते.

मुलांना ‘बाबा गावाला गेले आहेत’ असे सांगण्याचा मोह टाळावा. घरातले कुजबुजते आवाज मुलांना ऐकू येतात आणि खरे कळले नाही की ती त्याहून भयंकर काहीतरी कल्पतात, कधी ‘मी त्रास दिला म्हणून हे झाले’ असेही धरून बसतात. त्यांना सोप्या, खऱ्या शब्दांत सांगावे : बाबांच्या गाडीला ट्रकने धडक दिली, त्यांच्या डोक्याला लागले आहे, डॉक्टर उपचार करत आहेत, तुझ्यामुळे काहीही झालेले नाही. भेटीला नेण्यापूर्वी नळ्या, यंत्रांचे आवाज, कापलेले केस, सुजलेला चेहरा यांची कल्पना द्यावी आणि नको म्हणाले तर नेऊ नये. लहान मूल खेळण्यातल्या गाड्या पुन्हापुन्हा आपटत असेल किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल तर रागावू नये. शाळा, जेवण आणि झोपेच्या वेळा शक्य तितक्या पूर्ववत ठेवाव्यात.

मेंदूला इजा झाली असेल तर घरी परतलेला माणूस चिडका, संशयी किंवा अगदी निरुत्साही झालेला असू शकतो. तो स्वभावाचा दोष नसून इजेचा भाग असू शकतो, हे डॉक्टरांकडून घरातल्या सर्वांना एकत्र बसवून समजावून घ्यावे. ‘माणूस वाचला, पण आमचा तो राहिला नाही’ असे म्हणणाऱ्या पत्नीला ‘देवाचे आभार मान’ असे सुनावू नये. जिवंत माणसासाठीही शोक होतो.

कागदपत्रांसाठी एक खमका माणूस वेगळा ठेवावा, कारण पोलीस, विमा कंपनी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यांच्यापुढे तीच कहाणी पुन्हा सांगताना जखम पुन्हा उघडते. घटनाक्रम एकदा लिहून काढला की तो सगळीकडे आधाराला घेता येतो. धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. ती मागणे म्हणजे माणसाची किंमत लावणे नव्हे, हे घरातल्या ज्येष्ठांना कधीकधी समजावून सांगावे लागते.

महिना उलटूनही दुःस्वप्ने, दचकणे किंवा रस्त्याची धास्ती कमी होत नसेल, कामधाम सुटले असेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जिल्हा रुग्णालयांतही ही सोय असते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत बोलता येते. कोणी जगणे नको झाल्याचे बोलले तर महिन्याची वाट पाहू नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

प्रवासाची भीती टप्प्याटप्प्याने जाते. आधी उभ्या गाडीत पाच मिनिटे बसावे, मग गल्लीतून एक फेरी, मग दिवसाउजेडी महामार्ग; घाट सर्वांत शेवटी. एक पायरी पुरती सवयीची झाल्याशिवाय पुढची घेऊ नये आणि ‘भित्रा झालास’ अशी थट्टा तर मुळीच करू नये.

अपघाताला वर्ष होईल ती तारीख आपल्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. आठवडाभर आधी फोन करून त्या दिवशी काय बरे वाटेल ते विचारावे. कोणाला देवळात जायचे असते, कोणाला माणसे हवी असतात, कोणाला तो दिवस इतर दिवसांसारखाच जावा असे वाटते. काही सुचत नाही असे उत्तर आले तर संध्याकाळी डबा घेऊन जावे.