‘द सिटी ऑफ द डेड’ बघायचा तर धुकं सांभाळा

हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत, रक्ताळ भयपटांच्या गर्दीत १९६० चा हा कृष्णधवल ब्रिटिश सिनेमा मागेच राहिला. क्रिस्टोफर लीसारखा भयपटांतला नामवंत नट असूनही त्याचं नाव चटकन कुणाच्या तोंडी येत नाही. गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटवूड गावची, पण चित्रीकरण इंग्लंडातल्या शेपर्टन स्टुडिओतलं. गाव, कबरी, सराय सगळं छपराखाली उभारलेलं आणि वर धुकं सोडलेलं. त्या धुक्यामुळेच सेट लहान आहे हे कळत नाही. म्हणून ज्या कॉपीत धुकं बिघडलं, त्या कॉपीत सिनेमाच गेला म्हणायचा.

आधी आवृत्ती तपासा. मूळ ब्रिटिश आवृत्ती ७८ मिनिटांची. अमेरिकेत तो ‘हॉरर हॉटेल’ या नावाने लागला तेव्हा सुमारे २ मिनिटं कापली गेली, तीही नेमकी सुरुवातीची. कथेत १६९२ साली एलिझाबेथ सेल्विन या चेटकिणीला जाळायला खांबाशी बांधतात आणि ती सैतानाशी करार करते, त्यातले तिचे संवाद गेले. पुढचं सगळं त्या करारावरच उभं आहे. नुसत्या मिनिटांवर मात्र विसंबू नका. पाल या युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, त्यामुळे ७८ मिनिटांचा सिनेमा ७५ मिनिटांत संपतो. म्हणजे ७५ मिनिटांची डिस्क पूर्ण असू शकते आणि ७६ मिनिटांची फाइल कापलेली. खात्री करायची तर श्रेयनामावलीतलं नाव आणि खांबाजवळचा प्रसंग, दोन्ही बघा.

मग टीव्ही. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा, नाहीतर सेट नाटकाच्या नेपथ्यासारखा दिसू लागतो. चित्रातले ठिपके पुसणारं नॉइज रिडक्शनही बंद. त्याला फिल्मचा दाणा आणि धूर यांतला फरक कळत नाही, दोन्ही पुसून टाकतं आणि धुक्याचे मेणचट थर उरतात. धुकं चौकटी-चौकटींनी तुटत असेल तर दोष टीव्हीचा नाही, फाइल जास्त दाबलेली आहे. दुसरी कॉपी शोधण्यावाचून इलाज नाही. चित्रावर हिरवट किंवा गुलाबी झाक दिसली तर रंगाची पातळी शून्यावर आणा. तरीही राहिली तर कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ करा.

रुंदी उंचीच्या १.६६ पट असलेली कॉपी असेल तर १९२० बाय १०८० च्या पडद्यावर दोन्ही बाजूंना ६३-६४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. झूम करून त्या घालवू नका, वरचं-खालचं चित्र कापलं जातं. उलट त्यांचा उपयोग करून घ्या. कथेतली तरुणी नॅन बार्लो रात्री गाडीने व्हाइटवूडला येते तिथे थांबा, पट्ट्या करड्या दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा आणि पुन्हा काळ्या होतील इतकाच उतरवा. डेस्मंड डिकिन्सनच्या छायाचित्रणातलं काळं आणि करडं आता वेगवेगळं दिसेल.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, खोटा सराउंड लावू नका. डग्लस गॅमलीचं भयसंगीत आणि केन जोन्सचं जॅझ यांची सांगड कानाला विचित्र वाटते, ती तशीच असायला हवी. सरायीतल्या नाचाच्या प्रसंगात तर तिचाच दचका बसतो. ब्रिटिश नटांनी ओढूनताणून आणलेले अमेरिकी उच्चार अडले तर सबटायटल लावा, पण सेल्विनचं काम करणारी पॅट्रिशिया जेसेल पडद्यावर असताना नजर खाली जाऊ देऊ नका.

इतिहासाची अपेक्षा मात्र ठेवू नका. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली, जाळलं कुणालाच नाही. आणि सोबत कुणी पहिल्यांदाच बघणार असेल तर त्याला कथासार वाचू देऊ नका. मध्यावरचं वळण आधी कळलं तर पहिला अर्धा भाग फुकट जातो.