पोरगं कट्टर बोलायला लागलं तर आधी वही काढा

भिवंडीत 31 वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झालो तरी आई-बाप येतातच, "सर, याच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी भरलंय." मग लगेच दोनपैकी एक निदान ठरलेलं असतं: धर्माने बिघडवलं, नाहीतर बेकारीने. मी म्हणतो, उत्तर आधी लिहून मग गणित सोडवू नका.

दोन्ही उत्तरं आधी ताडून बघा. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि इसिसच्या वाटेला लागले. शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरातली पोरं. इकडे आमच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांची पाळी करून एका खोलीत आळीपाळीने झोपणारे हजारो आहेत, त्यातला क्वचितच कुणी तिकडे वळतो. म्हणजे नुसती गरिबी नाही. हे दुखणं एकाच धर्माचंही नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना 2024 मध्ये जन्मठेप झाली, ते काही मशिदीत जाणारे नव्हते.

मग नुसता धर्म? आमचं गाव 1970 मध्ये दंगलीत पेटलं, 1984 मध्ये पुन्हा पेटलं. पण डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईच्या दंगलींत सुमारे 900 माणसं मेली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नमाज तीच, आरती तीच, मागांची खटखट आणि तुंबलेली गटारंही तीच. बदललं होतं एकच. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या होत्या. आमच्या गल्लीच्या समितीत मीही बसायचो. सतरंजीवर हवालदार, पानवाला, एक मौलवी, दोन शेठ. भाईचाऱ्यावर भाषण वगैरे काही नाही. एकदा तर तीन बैठका एका नळावरच गेल्या, कंटाळा यायचा अगदी. पण डिसेंबरात अफवा आली तेव्हा कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक होतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर माणसं लिहा. वर्षापूर्वी पोरगं कुणाकुणाशी बोलायचं, आज कुणाशी बोलतं. जी नावं गळली त्यांच्याखाली रेघ मारा. क्रिकेटची टोळी सुटली? दुसऱ्या धर्माचा दोस्त सुटला? मामाकडे जाणं बंद? माझ्या मते धर्म शब्द पुरवतो, परिस्थिती राग पुरवते, पण दोन्हीची मोट बांधणारी माणसं वेगळीच असतात.

दुसऱ्या पानावर तारीख. बोलणं कधी बदललं आणि त्या सुमाराला काय घडलं? माझ्याकडे आलेल्या एका बीकॉम झालेल्या पोराला भाड्याची खोली मिळत नव्हती. टोकन ठरायचं, आडनाव ऐकलं की "घरात लग्न आहे, नंतर बघू." तिसऱ्या वेळेनंतर तो बोलायचा थांबला आणि मोबाइलवर कुणाचं तरी ऐकायला लागला.

इथे मी घोडचूक केली. त्याला धर्मग्रंथातले दाखले देऊन खोडायला गेलो. पोरगं दोन महिने फिरकलंच नाही. वाद घालू नका. आधी खोलीचं ऐकून घ्या, आणि ते खरं आहे हे कबूल करा. धर्माबद्दल बोलायचंच तर त्याच्याच धर्मातला, त्याला मान असलेला माणूस गाठा. शेवटी त्याच्या आजोबांच्या ओळखीच्या एका हाफिजसाहेबांनी (कुराण तोंडपाठ असलेल्या) ते केलं, मी फक्त चहा आणला. मोबाइल हिसकावून घेऊ नका, दुसरा मिळायला दहा मिनिटं लागतात. त्याला चार वेगळ्या घरची पोरं असतील अशा कामात अडकवा, रक्तदान म्हणा, शिकवणी म्हणा. नुसतं "सगळ्यांशी मिळून राहा" सांगून काही होत नाही.

मात्र हत्यार, अचानक आलेला पैसा, घर सोडून जायची भाषा किंवा "अमक्याला धडा शिकवू" असं कानावर आलं तर वही मिटा आणि त्याच दिवशी पोलिसांत जा. अशा वाटेवरच्या काही तरुणांना महाराष्ट्र एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) समुपदेशन करून मागे वळवलेलं आहे. इभ्रतीचा विचार नंतर करा.

आणि हो, ती वही घरात उघडी टाकू नका. एका आईने टाकली होती. पोरगं महिनाभर घरी जेवलं नाही.