आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचं निवेदन करायचं असेल तर

"आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, गाण्याची आवड आहे, तर रेडिओवर शास्त्रीय संगीताचं निवेदन जमेल का?" असं विचारणारी तरुण मंडळी अधूनमधून भेटतात. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम करतोय आणि त्यातल्या बहुतेक ड्युट्या शास्त्रीय संगीताच्या. त्या अनुभवावरून सांगतो की या कामात आवाजाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. खरी परीक्षा कानाची होते.

आधी प्रवेशाचा मार्ग. आकाशवाणीची केंद्रं गरजेनुसार नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात देतात. लेखी परीक्षा, ऑडिशन आणि मुलाखत असा साधारण क्रम असतो. ऑडिशनला तुम्ही स्टुडिओत एकटे असता, परीक्षक काचेपलीकडे. समोर आयत्या वेळी मजकूर येतो आणि त्यात हमखास अडखळायला लावणारी नावं पेरलेली असतात. निवड झाली की 'वाणी' नावाचं प्रशिक्षण होतं, मग ड्युट्या मिळू लागतात. सहसा महिन्याला सहापेक्षा जास्त नाहीत. म्हणजे घर चालवायला दुसरं काहीतरी हवंच. मी हे पहिल्यांदाच सांगतो, कारण काही गुणी मुलं याच्याकडे कायमच्या नोकरीसारखी बघतात आणि दोन-तीन वर्षांनी निराश होऊन सोडून जातात.

आता कानाविषयी. तुम्ही गायक असायची गरज नाही. पण विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातली सम (तालाची पहिली मात्रा) हातावर धरता आली पाहिजे, तीनताल आणि आडाचौताल ऐकून वेगळे ओळखता आले पाहिजेत. ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत कधीकधी ताल चुकीचा लिहिलेला असतो. तो जसाच्या तसा वाचलात तर घराघरांतले जाणकार क्षणात ओळखतात आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच वाक्यावर त्यांचा विश्वास राहत नाही. एखाद्या गुरूकडे निदान तीन-चार वर्षं शिकलेला माणूस इथे फार पुढे असतो, मग त्याचा स्वतःचा गळा कसाही असो.

रागाची वेळही कळायला हवी. मैफली बहुधा संध्याकाळी होतात, त्यामुळे दुपारचे राग मंचावर क्वचितच कानी पडतात. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी या रागांना रेडिओने रोजची हक्काची जागा दिली. दुपारच्या सभेत, म्हणजे प्रसारणाच्या दुपारच्या सत्रात, गौड सारंग वाजत असेल तर तो तिथे का आहे, हे निवेदकाला ठाऊक असावं. या परंपरेचा इतिहासही वाचा. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर मराठी होते. त्यांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952मध्ये सुरू झाला, आकाशवाणी संगीत संमेलन 1954मध्ये. त्याआधी घरात बसून गाणं ऐकायचं तर बहुतेकांच्या वाट्याला तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी येई. रेडिओमुळे अख्खा विलंबित ख्याल स्वयंपाकघरापर्यंत पोचला. त्या ख्यालाआधी बोलायला मिळणं हा मान आहे, आणि तो मान मोजून वापरायचा असतो.

मोजून म्हणजे किती? माझ्या मते तीस ते चाळीस सेकंद. एक नमुना दाखवतो. सकाळची वेळ आहे, एक गायिका देशकार गाणार आहे. नवखा निवेदक बहुधा असं लिहून आणतो: "आपल्या सुमधुर स्वरांनी रसिकांना मंत्रमुग्ध करणाऱ्या, संगीतक्षितिजावरच्या तेजस्वी तारका..." यातून ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण हीच वाक्यं उद्या दुसऱ्या कुणासाठीही चालतील. त्याऐवजी हे बघा: "राग देशकार. भूपाचेच पाच स्वर, पण भूप गंधारावर रमतो आणि देशकार वरच्या अंगाला, धैवताकडे झेपावतो. सुरुवातीला विलंबित तिलवाडा आणि त्यानंतर द्रुत तीनताल." मग गायिकेचं नाव, तबला आणि संवादिनीची साथ कुणाची, आणि गप्प. आता नवखा श्रोताही पुढची पाच मिनिटं धैवताची वाट बघत ऐकेल. निवेदनाचा दर्जा मी एवढ्यावरच जोखतो: गाणं सुरू झाल्यावर त्या वाक्याचा कानाला उपयोग झाला का?

या कसोटीवर पुष्कळ आवडती माहितीही गाळावी लागते. थोर ख्यालगायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलंय आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचे अवशेष वर दिसतात. ही गोष्ट मला फार जवळची आहे. तरीही त्यांच्या ख्यालाआधी मी ती सांगत नाही. मोगूबाईंवर तासाभराचा विशेष कार्यक्रम असेल तर जरूर सांगेन. ख्यालाआधी श्रोत्याला राग, ताल आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या लयकारीकडे लक्ष वेधणारं एखादं वाक्य पुरे.

साथीदारांची नावं कधीही गाळू नका. वेळ कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. तबलजी अर्धा तास ठेका धरून बसलाय, त्याला दोन सेकंद मिळायलाच हवेत.

उच्चारांसाठी स्वतःची वही करा. बिहाग आणि बिहागडा हे दोन वेगळे राग आहेत, बिहागड्यात कोमल निषाद लागतो. घाईत बिहागड्याचा बिहाग करणारे निवेदक मी ऐकलेत. धारवाडकडची नावं, दक्षिणेतल्या वादकांची नावं, बंदिशीतले ब्रज शब्द, हे सगळं माहितगार माणसाला विचारून वहीत लिहून ठेवायचं. इंटरनेटवरच्या रोमन लिपीतल्या स्पेलिंगवरून अंदाज बांधू नये, त्यात 'ड' आणि 'द'चा पत्ताच लागत नाही.

आता कन्सोलवर, म्हणजे स्टुडिओतल्या प्रसारणाच्या यंत्रासमोर, बसल्यावरचं काम, कारण तिथे निवेदक एकटा असतो. क्यू-शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद, हातात आली की पहिली गोष्ट म्हणजे हिशोब. समजा अर्ध्या तासाची जागा आहे आणि ध्वनिमुद्रण 26 मिनिटं 40 सेकंदांचं. आधीचं निवेदन 40 सेकंद, नंतरचं 20. उरतात 2 मिनिटं 20 सेकंद. तेवढ्यासाठी फिलर आधीच काढून ठेवायचा आणि तोही त्या प्रहराला शोभेल असा वाद्यसंगीताचा तुकडा. सकाळच्या तोडीनंतर दरबारीची धून लागली तर मघाशी जमलेलं सगळं वातावरण विस्कटतं. उलट ध्वनिमुद्रण लांबलं आणि पुढे बातम्या असतील तर थांबवणं भागच असतं, बातम्या सेकंदावर सुरू होतात. पण फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) कुठे खाली घ्यायचा हे तुमच्या हातात आहे. गायक समेवर येऊ दे, मग हळूहळू आवाज उतरवा. तानेच्या मध्यावर कापू नका. हे करायला पुन्हा तालच कळावा लागतो.

आणि गाणं आपणहून संपलं की लगेच बोलू नका. शेवटच्या समेनंतर तानपुरा थोडा वेळ वाजत असतो. तो पूर्ण विरू द्या, एक श्वास घ्या, मग बोला. नवीन मुलांना या दोन-तीन सेकंदांची भीती वाटते, प्रसारण बंद पडलं असं श्रोत्यांना वाटेल म्हणून. तसं कुणाला वाटत नाही. आलाप सुरू झाल्यावर त्यावर बोलत राहणं हा तर मला या कामातला सर्वांत मोठा दोष वाटतो. सिनेसंगीताच्या वाहिन्यांवर गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलायची पद्धत आहे, तिथे ती चालते. ख्यालात पहिला षड्ज लागतो तिथूनच गाणं सुरू झालेलं असतं.

तयारी आजपासून करता येईल. विविध भारतीच्या 'संगीत सरिता'चे जुने भाग मिळाले तर ऐका, रागाबद्दल सोप्या भाषेत आणि थोडक्यात कसं बोलावं ते त्यातून कळेल. आकाशवाणीची 'रागम्' ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी 2016पासून सुरू आहे. रोज तिच्यावरची एक रचना निवडा. निवेदक काय सांगतो ते आधी ऐकू नका. राग, ताल, लय स्वतः ओळखून कागदावर चार वाक्यं लिहा, मोठ्याने वाचून घड्याळ लावा. चाळीस सेकंदांच्या वर गेलं तर विशेषणांपासून खोडायला सुरुवात करा. मग शेवटचं निवेदन ऐकून आपला राग-ताल पडताळा. केंद्राची जाहिरात येईल तेव्हा असे शंभरेक कागद तुमच्याकडे असतील, तर मुलाखतीला ते घेऊनच जा.