डिझेल लाइनमधली हवा डोळ्यांनी पकडा

जुन्या डिझेल पिकअपचं इंजिन घरीच बांधलं, गाडी चालूही झाली. पण रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरते. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरत असली तरी असं होतं, म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप खोलण्याआधी हे करा.

१. फिल्टर आणि पंपामधला रबरी पाइप काढून डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप क्लिप लावून घट्ट बसवा.
२. हातपंपाने (लाइनमध्ये डिझेल भरायचा, हाताने दाबायचा छोटा पंप) लाइनमधली हवा काढून इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले, तर तोच पाइप फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. तिथे डिझेल स्वच्छ दिसलं, तर हवा फिल्टरपाशीच शिरतेय.

माझ्याकडे मोहरीएवढे बुडबुडे सलग येत होते. फिल्टरच्या बोल्टखाली तांब्याचे जुनेच वॉशर परत घातले होते; नवे घातल्यावर थांबले.

पारदर्शक पाइप तपासणीपुरताच ठेवा, उष्णतेने तो मऊ पडतो.